पडद्यावरील लेखणीची पारख
(अक्षरपट्ट्या, चित्रपट्ट्या व स्वाध्यायपत्रिका स्वतः तयार करणाऱ्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

मुलाच्या अक्षरास पहिले वळण लागते ते शिक्षकाच्या अक्षरावरून. फळ्यावर गुरुजींनी जसा 'क' काढला असेल, तसाच 'क' पहिलीतील मूल आपल्या पाटीवर उतरवू पाहते. त्याच्या दृष्टीने तो 'क' चांगला की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. 'क' असा असतो, एवढेच त्यास ठाऊक होते. म्हणूनच जुन्या शाळांत प्रथम धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवून घेत आणि पुढे कित्ता समोर ठेवून पुस्ती काढवीत. कित्ता घालून देणाऱ्याचा बोरू नीट तासलेला असावा, याविषयी पंतोजी दक्ष असत. बोरूचे टोक फुटलेले असले की अक्षर फुटे आणि ते फुटलेले अक्षर साऱ्या वर्गात पसरे.

आज कित्त्याची जागा अनेक शाळांतून पडद्याने घेतली आहे. शिक्षक टॅब्लेटवर किंवा संगणकावर अक्षरपट्टी तयार करतात, गावातील बैलगाडी, विहीर, संत्र्याचे झाड यांची चित्रे काढतात, स्वाध्यायपत्रिका छापून घेतात. ह्या कामासाठी जी लेखणी वापरतात तिला स्टायलस म्हणतात. बाजारात ह्या लेखण्यांचे इतके प्रकार आहेत व त्यांच्या वेष्टनांवर इतके आकडे छापलेले असतात की खेड्यातील शिक्षकाने कोणती घ्यावी हे त्यास सुचत नाही. प्रस्तुत पाठात त्या निवडीचा विचार केला आहे. त्याचे सार आरंभीच सांगावयाचे तर असे की, लेखणीची पारख तिच्या वेष्टनावरील आकड्यांनी करू नये, तिने उमटविलेल्या देवनागरी अक्षराने करावी. आणि ती पारख ज्या पडद्यावर पुढे काम करावयाचे त्याच पडद्यावर करावी.

१. साधन आणि अक्षर

अक्षराचे रूप हाताइतकेच साधनावरही अवलंबून असते. ह्याचे दाखले दूर शोधावयास नकोत. रामटेकजवळचे नगरधन हे वाकाटकांच्या नंदिवर्धन ह्या राजधानीचे स्थान मानले जाते. विदर्भात सापडलेले वाकाटकांचे ताम्रपट पाहिले, तर त्यांतील बहुतेकांत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर एक लहानशी चौकोनी पेटी कोरलेली आढळते. नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो मोठा संग्रह १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात ही पेटिकाशीर्ष अक्षरे पाहावयास मिळतात. तांब्यावर सावकाश कोरणाऱ्यास असा चौकोन ठेवणे शक्य होते. कागदावर भरभर लिहिणाऱ्यास ते परवडणारे नव्हते.

मोडी लिपीचा प्रकार ह्याच्या अगदी उलट. नागपूरच्या महाल भागातील चिटणवीसपुरा हे नाव आजही भोसल्यांच्या दरबारातील लेखनाच्या अधिकारपदाची आठवण करून देते. अशा दरबारांचे दप्तर मोडीत चाले. लिहिणारा आधी कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग हात शक्य तितका न उचलता बोरूने अक्षरे त्या रेषेस लटकवीत जाई. वेग हीच तेथील गरज. म्हणून अक्षरे गोलाईची व एकमेकांत गुंतलेली झाली. ओडिशात व दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी सळईने अक्षर कोरीत. पानाच्या शिरांच्या दिशेने सरळ आडवी रेघ ओढली तर पान फाटण्याचा धोका असे. तिकडील लिप्यांच्या गोल वळणाचे हे एक कारण सांगतात.

बाळबोध अक्षराची गोष्ट शिक्षकांच्या अधिक परिचयाची आहे. बोरूचे टोक सरळ कापीत नाहीत, तिरपे कापतात. आणि देवनागरीसाठी तो तिरपेपणा रोमन लिपीच्या उलट दिशेचा असतो. रोमन वळणात डावीकडून वर सुरू होऊन उजवीकडे खाली उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीत उजवीकडून वर सुरू होऊन डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड यावी लागते. रोमन लिपीसाठी कापलेल्या टोकाने 'त' किंवा 'ग' काढून पाहावा. अक्षर ओळखू येते, परंतु त्याचा तोल गेलेला दिसतो.

हा नियम पडद्यावरही सुटत नाही. प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे मुळात हाताने सुलेखन करणारे कलावंत; पवईच्या तंत्रविज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी अध्यापन केले. विंडोज २००० पासून लक्षावधी संगणकांवर आलेला 'मंगल' हा देवनागरी अक्षरसाचा त्यांच्या नावाशी निगडित आहे. संगणकावरील अक्षरामागेही आधी हाताचा अभ्यास असावा लागतो, हे त्यांच्या कार्यावरून ध्यानात येते.

२. तयार अक्षरसाचे असताना हाताने का लिहावे?

येथे कोणी विचारील की, संगणकात तयार अक्षरे असताना शिक्षकाने लेखणी हाती धरण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ही रूपे प्रमाण ठरविली. परंतु संगणकावरील अक्षरसाचे मराठीबरोबर हिंदी, नेपाळी अशा अनेक भाषांसाठी केलेले असतात. त्यामुळे कित्येक साच्यांत, वेगळी योजना केल्याखेरीज, हिंदी वळणाचा 'ल' व गाठीचा 'श' उमटतो. पाठ्यपुस्तकात एक 'ल', फळ्यावर तोच 'ल' आणि छापील स्वाध्यायपत्रिकेवर निराळाच 'ल' असे झाले, म्हणजे पहिलीच्या मुलाचा गोंधळ होतो.

दुसरे असे की, तयार साचा अक्षराचे अंतिम रूप दाखवितो, पण ते कोठून सुरू करावे, हात कोणीकडे वळवावा, हे दाखवीत नाही. शिक्षकाने स्वतः काढलेल्या अक्षरपट्टीत पहिली रेघ एका रंगाची, दुसरी दुसऱ्या रंगाची, आरंभबिंदूवर ठिपका, वळणावर बाण, अशी रचना करता येते. मुलांच्या ओळखीच्या वस्तूंची चित्रे त्याच पट्टीवर घालता येतात. हे सर्व काम बोटाने नीट होत नाही; कारण बोट स्वतःच काढीत असलेल्या रेघेस झाकते. म्हणून लेखणी हवी.

३. लेखण्यांचे प्रकार

पडद्यावर लेखणीने रेखाटन करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढण्याची 'स्केचपॅड' नावाची व्यवस्था सादर केली. १९८३ साली जपानमध्ये वाकोम ही कंपनी स्थापन झाली व तिने बिनतारी लेखणी चित्रकारांच्या हाती दिली. २०१५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयपॅडसाठी स्वतंत्र पेन्सिल काढली. ह्या वाटचालीतून आज बाजारात मुख्यतः तीन जातींच्या लेखण्या दिसतात. त्यांतील भेद न ओळखल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

पहिली जात : बोटाचे काम करणारी लेखणी. आजच्या फोनचा वा टॅब्लेटचा पडदा बोटाच्या स्पर्शाने आपल्या विद्युत्क्षेत्रात होणारा बदल ओळखतो. ही लेखणी तोच बदल घडवून आणते. हिचे टोक जाड रबराचे किंवा पातळ पारदर्शक चकतीचे असते. हिला विद्युत्घट लागत नाही व ती बोटाने चालणाऱ्या बहुतेक सर्व पडद्यांवर चालते. परंतु पडदा हिला बोटच समजतो. त्यामुळे दाब कमीअधिक केला तरी रेघ जाडबारीक होत नाही आणि तळहात पडद्यास टेकला की त्याच्याही रेघा उमटतात. शब्दाखाली रेघ मारणे, जोड्या लावणे, पाने उलटणे एवढ्यासाठी ही पुरेशी आहे, अक्षरपट्टीसाठी नाही.

दुसरी जात : विद्युत्घट असलेली, संकेत देणारी लेखणी. ही स्वतः सूक्ष्म विद्युत्संकेत सोडते. पडद्यास तो संकेत समजत असेल तर टोकाचे स्थान, दाब आणि काही लेखण्यांत तिरपेपणाही त्यास कळतो, व लेखणी जवळ असेतोवर तळहाताच्या स्पर्शाकडे तो दुर्लक्ष करू शकतो. येथे 'पडद्यास समजत असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. निरनिराळ्या कंपन्यांची संकेतभाषा निरनिराळी असते. ॲपलची पेन्सिल आयपॅडवरच चालते, आणि तिचाही प्रत्येक प्रकार प्रत्येक आयपॅडवर चालत नाही. एका कंपनीच्या टॅब्लेटसाठी केलेली लेखणी दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटवर मुकी ठरते.

ह्याच जातीच्या नावाने एक उपप्रकार विकला जातो, त्याविषयी विशेष सावध राहावे. ह्या लेखणीस बारीक टोक असते, ती विजेवर भारावी लागते आणि 'सर्व पडद्यांवर चालते' असे तिच्या वेष्टनावर लिहिलेले असते. परंतु जी लेखणी सर्व पडद्यांवर चालते, ती बहुधा बोटाचीच नक्कल करीत असते. तिच्या टोकाची बारीकी डोळ्यांस फसविते. दाबाची जाणीव तिला नसते.

तिसरी जात : विद्युच्चुंबकीय लेखणी. हिच्यात विद्युत्घट नसतो. लिहिण्याच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती जाळी लेखणीतील लहान वेटोळ्यास ऊर्जा पुरविते आणि लेखणी त्याच ऊर्जेवर आपला संकेत परत पाठविते. वाकोमच्या पेन-पाट्या व सॅमसंगच्या काही टॅब्लेटबरोबर येणारी लेखणी ह्या जातीची आहे. पेन-पाटी संगणकास तारेने जोडतात. साध्या पेन-पाटीवर चित्र दिसत नाही; हात पाटीवर चालतो व डोळे संगणकाच्या पडद्यावर असतात. प्रथम हे अवघड वाटते, परंतु काही दिवसांच्या सरावाने हात बसतो. ज्या शाळेत संगणक आधीच आहे, तिने नवा टॅब्लेट घेण्यापूर्वी साध्या पेन-पाटीचा विचार अवश्य करावा. काही पेन-पाट्या अँड्रॉइड फोनलाही जोडता येतात. त्या कोणत्या, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

४. एका अनुस्वाराची किंमत

चुकीच्या निवडीने काय होते, हे ध्यानात येण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. एक दोन-शिक्षकी शाळा आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने शिक्षकाने बारीक टोकाची, सर्व पडद्यांवर चालणारी लेखणी आणविली. रात्री जागून त्याने पन्नास शब्दपट्ट्या तयार केल्या : अंगण, चिंच, खंत, वंश, कंस, पंख. लिहिण्याच्या ओघात त्याने प्रत्येक अनुस्वार नेहमीच्या हलक्या हाताने दिला. लेखणीने मात्र तो हलका स्पर्श कित्येक ठिकाणी नोंदलाच नाही. लहान पडद्यावर ते त्याच्या नजरेतून सुटले. पट्ट्या छापून वर्गात लागल्या, तेव्हा 'अंगण'चे 'अगण' झाले होते, 'पंख'चे 'पख', 'वंश'चे 'वश' आणि 'खंत'चे 'खत'.

मुलांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे वहीत उतरविले. 'खत' व 'वश' हे खरे शब्द असल्यामुळे तेथे चूक झाली आहे, अशी शंकाही कोणास आली नाही. पुढे तपासणीत चूक ध्यानात येईपर्यंत दोन आठवडे गेले. छपाईचा खर्च वाया गेला तो निराळाच. त्याहून मोठी हानी अशी की, नुकतेच लिहू लागलेल्या मुलांस आपण नीट पाहून लिहिलेले चूक ठरते, असा अनुभव आला. त्यांत मुलांचा दोष नव्हता, आणि शिक्षकाच्या कष्टांतही उणीव नव्हती. उणीव होती ती लेखणी हाती घेण्यापूर्वी तिच्याकडून एक अनुस्वार काढवून न घेण्यात.

रोमन लिपीत ठिपक्यांची अक्षरे दोनच, 'आय' व 'जे'. त्यांचा ठिपका गळला तरी शब्द बहुधा कळतो. देवनागरीत अनुस्वाराने अर्थ बदलतो. परदेशी भाषेतील परीक्षणे वाचून लेखणी निवडणाऱ्याच्या नजरेतून नेमकी हीच बाब निसटते.

५. लेखणीची परीक्षा

म्हणून लेखणी विकत घेताना शिक्षकाने आपला टॅब्लेट बरोबर न्यावा. नागपुरास सीताबर्डीच्या बाजारात जावे किंवा तालुक्याच्या गावी, दुकानदारास नमुना दाखविण्याची विनंती करावी व पुढील परीक्षा क्रमाने घ्यावी. सर्व मिळून पंधरा मिनिटे पुरतात.

(१) जुळणी. आपल्या टॅब्लेटचे पूर्ण नाव व क्रमांक सांगून ही लेखणी त्यावर दाबासहित चालते काय, असे स्पष्ट विचारावे. केवळ 'चालते' ह्या उत्तरावर समाधान मानू नये.

(२) सावकाश तिरपी रेघ. पट्टी ठेवून एक लांब तिरपी रेघ अगदी हळू ओढावी. कित्येक लेखण्यांची वेगाने ओढलेली रेघ सरळ दिसते, पण सावकाश ओढलेली रेघ नागमोडी येते. मुलांसाठी अक्षर काढताना हात सावकाशच चालतो; म्हणून ही परीक्षा महत्त्वाची.

(३) शिरोरेषा. आडवी शिरोरेषा ओढून तिच्याखाली 'म', 'न', 'प' लटकवावेत. लेखणीचे टोक व उमटणारी रेघ यांत अंतर पडत असेल, तर अक्षरे शिरोरेषेस चिकटणार नाहीत किंवा तिच्या वर जातील. हे अंतर पडद्याच्या मध्यभागी आणि चारही कडांशी तपासावे.

(४) गोलाई. 'ठ', 'ळ', 'छ' आणि 'इ' ही अक्षरे मोठी व लहान अशी दोन्ही काढावीत. लहान 'ळ'ची दोन वेटोळी मोकळी राहिली पाहिजेत. ती बुजत असतील तर टोक आपल्या कामास जाड आहे.

(५) अनुस्वार. ओळीने वीस शब्द नेहमीच्या हलक्या हाताने लिहावेत व प्रत्येकावर अनुस्वार द्यावा. मग मोजावेत. वीसपैकी वीस उमटले पाहिजेत. एकोणीस पुरेसे नाहीत.

(६) दाब. एकच रेघ हलक्या दाबाने सुरू करून हळूहळू वाढवीत न्यावी व पुन्हा हलकी करावी. वेलांटी, उकार व रफार ह्याच रीतीने काढून पाहावेत. जाडी एकदम उडी मारून बदलत असेल तर लेखणी चित्रकामास योग्य नाही.

(७) तळहात. फळ्यावर हात अधांतरी असतो, पण टॅब्लेटवर तो टेकतो. हात नेहमीप्रमाणे टेकवून तीन ओळी लिहाव्यात. नको ते डाग उमटतात काय, पान आपोआप सरकते काय, ते पाहावे.

(८) वेग. कोणी वाचलेले वाक्य नेहमीच्या गतीने लिहावे. शाई टोकाच्या मागे रेंगाळत असेल तर हात नकळत मंद होतो व अक्षराचे वळण बिघडते.

(९) धारण. लेखणी दहा मिनिटे हाती ठेवावी. ती फार बारीक असल्यास बोटे आखडतात. मागील बाजूस जड असल्यास मनगट दुखते. मुलांस लेखणी धरण्याची योग्य रीत शिकविणाऱ्याने स्वतः ती त्याच रीतीने धरता येते काय, हे पाहावे.

६. आकड्यांविषयी विवेक

वेष्टनावर दाबाचे २०४८, ४०९६ किंवा ८१९२ टप्पे असे मोठे आकडे छापलेले असतात. त्यांचा अर्थ एवढाच की, सर्वांत हलक्या व सर्वांत भारी दाबामधील अंतर लेखणी तितक्या पायऱ्यांत मोजते. २०४८ पायऱ्याही अक्षरपट्टीच्या कामास पुरून उरतात. ४०९६ व ८१९२ यांतील भेद सामान्य हातास जाणवतही नाही. ज्याने काम सुधारते ती गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे लेखणी किती हलका स्पर्श ओळखते. पाचवी परीक्षा हेच मोजते. ८१९२ पायऱ्या मोजणारी लेखणी पहिलीच पायरी उशिरा ओळखत असेल, तर अनुस्वार तिच्याही हातून गळतील.

तिरपेपणा ओळखण्याची सोय छायांकनासाठी उपयोगी आहे. पेन्सिल आडवी धरून जशी छटा भरतात तशी तिने भरता येते. चित्रकलेची आवड असलेल्या शिक्षकाने ती पाहावी. केवळ अक्षरपट्ट्या करावयाच्या असतील तर तिच्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

७. लेखणी घेतल्यानंतर

लेखणी घेतल्यावर तिचा बोरू तासावयाचा राहतोच. तो मात्र चाकूने नव्हे, संगणकावरील व्यवस्थेने. 'क्रिता' हे चित्रकामाचे व 'इंकस्केप' हे रेखाकृतीचे साधन संगणकावर विनामूल्य मिळते. दोहोंत रुंद टोकाच्या लेखणीचा कोन ठरविता येतो. ही साधने परदेशी हातांसाठी घडलेली असल्यामुळे त्यांतील सुलेखनाचे टोक बहुधा रोमन वळणाच्या कोनात ठेवलेले असते. तो कोन उलट्या बाजूस फिरवावा. फिरविण्यापूर्वी एक व फिरविल्यावर एक असे दोन 'ग' शेजारी काढून पाहिले की फरक चटकन कळतो. क्रितात हाताचा कंप सावरणारी सोयही आहे. ती थोडीच ठेवावी. फार ठेवल्यास रेघ गुळगुळीत होते, पण 'क', 'श' यांची वळणे बोथट होतात.

लेखणीची जपणूकही करावी लागते. टोक झिजते, ते चपटे झाले की रेघ डळमळते व पडद्यावर ओरखडे उठतात. म्हणून सुटी टोके मिळतात काय, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. पडद्यास कागदासारखा खरखरीतपणा देणारे पातळ आवरण लावले तर हात घसरत नाही, पण टोक लवकर झिजते. खडूची भुकटी पडद्यावर असताना लेखणी चालवू नये. आधी मऊ फडक्याने पडदा पुसावा. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. विद्युत्घटाची लेखणी त्या दिवसांत पत्र्याच्या छपराखालील पेटीत ठेवू नये. उन्हाळी सुटीपूर्वी ती अर्धी भारून सावलीच्या जागी ठेवावी व सुटीत एकदा तपासावी. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी कायमची निकामी होण्याचा संभव असतो.

आणि लेखणी घेण्याइतके पैसे नसले तर काम अडत नाही. पांढऱ्या कागदावर रुंद टोकाच्या टाकाने किंवा बोरूने अक्षर काढावे, दिवसाच्या उजेडात सावली न पडू देता फोनने त्याचे छायाचित्र घ्यावे व त्याची पट्टी करावी. चांगल्या बोरूने काढलेले अक्षर वाईट लेखणीने पडद्यावर काढलेल्या अक्षराहून मुलांस केव्हाही अधिक हितकारक आहे.

शेवटी एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. येथे विचार केला आहे तो शिक्षकाच्या लेखणीचा. मुलाने अक्षर गिरवावे ते पाटीवर व कागदावर, जेथे खडूचा व पेन्सिलीचा प्रतिकार त्याच्या बोटांस जाणवतो. पडद्यावरील लेखणीचे काम त्याच्यापुढे स्वच्छ कित्ता ठेवण्याचे आहे. तेवढे काम तिच्याकडून चोख व्हावे, म्हणून ही पारख.

स्वाध्याय

१. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत शिक्षकांनी आपापल्या लेखण्या आणाव्यात. एकाच टॅब्लेटवर प्रत्येकीने अनुस्वारयुक्त वीस शब्द लिहून किती अनुस्वार उमटले ते नोंदवावे. मग तीच परीक्षा प्रत्येकाने आपल्या टॅब्लेटवर घ्यावी व दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात.

२. शाळेत वापरात असलेल्या छापील स्वाध्यायपत्रिका तपासाव्यात. त्यांतील 'ल' व 'श' पाठ्यपुस्तकातील रूपांशी जुळतात काय? न जुळणाऱ्या पट्ट्यांची यादी करून त्या हाताने नव्या काढाव्यात.

३. एक अक्षर निवडून त्याची पट्टी तीन रीतींनी करावी : बोटाने, लेखणीने व कागदावर टाकाने. तिन्ही पट्ट्या वर्गात लावून मुले कोणत्या पट्टीवरून अक्षर अधिक सुबक काढतात, ते एक आठवडा पाहावे. त्यावरून जो निर्णय निघेल, तो ह्या पाठातील कोणत्याही विधानापेक्षा अधिक ग्राह्य मानावा.